रूपिन पासला आइस ॲक्स न्यायची का? (नाशिकहून सहा जण, मे अखेर)

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. मेच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सहा जण हिमालयातली रूपिन पास ही खिंड करतोय. धौल्याहून चढायचं, खिंड ओलांडून सांगल्याला उतरायचं. सगळे सह्याद्रीत तयार झालेले: हरिहर, साल्हेर-मुल्हेर, धोडप, दोघांचं तर अलंग-मदन-कुलंगही झालंय. बर्फावर मात्र एकानेही पाऊल ठेवलेलं नाही.

ट्रेक नेणाऱ्यांच्या यादीत मायक्रोस्पाइक (बुटावर चढवायचे छोटे दात) आणि गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवरचं आवरण) ते देणार, ट्रेकिंग पोल आपला, आणि आइस ॲक्सपुढे (बर्फावरची कुऱ्हाड) नुसतं 'ऐच्छिक' लिहिलंय. त्यावरून आमच्या ग्रुपवर रोज वाद चाललाय. एकाने ७० सेंटीमीटरची ॲक्स मागवूनही टाकली. दुसऱ्याचं म्हणणं, वाटाड्याकडे असते तेवढी पुरे. मला विचारायचंय ते असं: सहाही जणांनी घ्यावी का, घेतली तर शिकायची कुठे, आणि नाशकात बसून काही तयारी होते का? ज्यांनी प्रत्यक्ष बर्फावर वापरली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सिडकोवाला

आम्ही मे महिन्यातच हिमाचलातला सार पास केला होता. आमच्या बॅचमध्ये एकाकडेही ॲक्स नव्हती. पुढे दोन स्थानिक मुलं असायची, ती ॲक्सने बर्फात पायऱ्या खोदत जायची आणि आम्ही त्याच खाचांत पाय ठेवत एकामागे एक. कुणाचं काही अडलं नाही. सॅकमध्ये अर्धा किलो वाढवण्यापेक्षा एक जादा जाड मोज्यांचा जोड घ्या. स्पाइक आणि पोल पुरे.

डोंगरयात्री

सिडकोवाला, तुमचा अनुभव खरा आहे, पण त्यातून एवढंच कळतं की त्या दिवशी कुणी घसरलं नाही. घसरलं असतं तर काय झालं असतं, हे बर्फ किती कडक होता आणि उताराच्या खाली काय होतं यावर ठरलं असतं.

मी उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटमधून गिर्यारोहणाचा बेसिक आणि ॲडव्हान्स कोर्स केलाय, अधूनमधून मुलांना घेऊन वर जातो. विषय जिवाशी येणारा आहे, म्हणून लांबण लावतो.

पहिला प्रश्न ॲक्स घ्यायची की नाही हा नाहीच. बर्फाच्या प्रत्येक उतारावर पाऊल टाकण्याआधी स्वतःला विचारायचं: इथून पाय सुटला तर मी कुठे जाऊन थांबेन? खाली उतार हळूहळू सपाट होत पसरत असेल तर घसरणं म्हणजे फार तर ओले कपडे आणि खरचटलेले कोपर. खाली दगडांची रास असेल, कडा असेल, किंवा बर्फाखालून ओढा वाहत असेल, तर तेच घसरणं जीव घेतं. उतार तोच, बर्फ तोच, फरक फक्त खालच्या पन्नास मीटरचा. सह्याद्रीतल्या माणसाला वर बघायची सवय असते, कातळात पकड शोधायची. बर्फावर आधी खाली बघायचं.

आता वेग. ३० अंशांचा उतार फोटोत फार तीव्र दिसत नाही. पण कडक बर्फावर नायलॉनची रेनपँट घालून माणूस घसरला तर घर्षण अगदी थोडं उरतं. ते शून्य धरलं तर पहिल्या दोन सेकंदांत तो दहाएक मीटर खाली जातो आणि त्याचा वेग ताशी ३५ किलोमीटरपर्यंत पोचतो. प्रत्यक्षात थोडा कमी, तरी अंदाज यावा. म्हणजे 'घसरलो' हे कळून पहिली हालचाल करायला एक-दीड सेकंद मिळतो. एवढ्यात सॅकला मागे बांधलेली ॲक्स काढता येत नाही. ॲक्स न्यायची तर हातात न्यायची. सॅकच्या मागे लटकवलेली ॲक्स त्या क्षणी निव्वळ ओझं असते.

आणि हातातल्या ॲक्सचं मुख्य काम घसरल्यावर थांबवणं हे नाही, घसरूच न देणं हे आहे. चढाच्या बाजूच्या हातात ॲक्स, दर एक-दोन पावलांना दांडा बर्फात खोल रोवायचा, तो पक्का बसला की मग पाय हलवायचे. पाय निसटला तर दांड्याच्या मुळाशी, बर्फाला लागून, मूठ आवळायची. माणूस तिथल्या तिथे लटकतो, घसरणं सुरूच होत नाही. याला सेल्फ बिले म्हणतात. मऊ आणि मध्यम बर्फात हे इतकं विश्वासाचं आहे की माझ्यासोबतच्या नवख्यांना मी पहिल्या दिवशी दुसरं काही शिकवतच नाही.

सेल्फ अरेस्ट, म्हणजे घसरत असताना पिक (ॲक्सच्या डोक्याचं टोकदार पातं) रुतवून थांबणं, हा शेवटचा उपाय. त्यावर वेगळं लिहितो.

सिडकोवाला

पटतंय, पण मग पोलचं काय? दोन पोल असतील तर तेही रोवता येतातच की.

डोंगरयात्री

तोल सांभाळायला पोल उत्तमच, ॲक्सपेक्षाही चांगला. साध्या चढावर, सपाट बर्फावर, ओढा ओलांडताना पोलच वापरा. पण तो पातळ ॲल्युमिनियमची नळी आहे, आडवा भार आला की वाकतो किंवा त्याचं लॉक सुटतं, आणि बर्फात रुतेल असं त्याला डोकंच नाही. घसरणाऱ्या माणसाला तो थांबवू शकत नाही. उतार तीव्र झाला की एक पोल मिटून सॅकला लावायचा आणि त्या हातात ॲक्स घ्यायची. आणि हा बदल उतार सुरू होण्याआधी, सपाटीवर उभं राहून करायचा. मधोमध उभं राहून सॅक उघडणारे मी पाहिलेत, तेव्हा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

अंजनेरीचा वारा

रूपिन झालाय माझा, जूनच्या सुरुवातीला. त्या वाटेपुरतं सांगते.

धबधब्याखालच्या तळापर्यंत ॲक्सचा विचारही करू नका, जंगल आणि कुरणं आहेत. धबधब्याच्या बाजूने वर चढताना नदीवर बर्फाचे पूल लागतात. तिथे धोका घसरण्यापेक्षा पूल पातळ झाल्याचा असतो. वाटाडे दांडा खुपसून बर्फाची जाडी बघतात आणि एकेकाला सोडतात, तिथे घाई करू नका. पाणी आत वाहताना ऐकू येतं.

खरी जागा म्हणजे खिंडीच्या खालची शेवटची घळ. त्या दिवसांत ती बर्फाने भरलेली असते, दोन्ही बाजूंना दगड. सगळे एका रेषेत चढतात. त्यामुळे वरचा घसरला की तो एकटा घसरत नाही, खालच्या दोघा-तिघांना घेऊन जातो. आमच्या पुढच्या गटातल्या एका मुलीचा पाय पायरीतून सुटला, ती पोटावर आपटून खाली यायला लागली. तिच्या खालच्या वाटाड्याने ॲक्स आधीच दांड्यापर्यंत रोवून ठेवली होती. एका हाताने ती धरली, दुसऱ्या हाताने तिच्या सॅकचा पट्टा. ती फार तर तीन-चार मीटर घसरली असेल. तोवर मी पायऱ्या मोजत चढत होते, त्यानंतर प्रत्येक पावलाला दांडा रोवत गेले. माझी ॲक्स भाड्याची होती आणि मला दांडा रोवण्यापलीकडे काही येत नव्हतं, पण तेवढंही उपयोगी पडलं.

पहाटे निघण्याचा आग्रह असतो तो पाळा. पहाटे बर्फ कडक असतो, पायऱ्या टिकतात, वरचे दगड गोठून जागेवर असतात. ऊन चढलं की बर्फाचा लगदा होतो, मांडीपर्यंत पाय जातात आणि घळीतून दगड सुटायला लागतात. हेल्मेट मिळालं तर जरूर घ्या.

डोंगरयात्री

ताई, फार नेमकं लिहिलंत. गंगापूररोडकर, 'प्रत्येकाकडे का' याचं उत्तर त्या घळीतच आहे. वाटाड्याची ॲक्स वाटाड्याला धरते. सहा जणांच्या रांगेत तो एका वेळी एकाच माणसाच्या खाली असू शकतो.

आता सेल्फ अरेस्ट. वाचून येत नाही, पण काय शिकायचंय ते डोक्यात बसलं तर सराव लवकर होतो.

एक हात ॲक्सच्या डोक्यावर, अंगठा ॲड्झच्या, म्हणजे रुंद पात्याच्या खालून, बोटं पिकवरून. दुसरा हात दांड्याच्या तळाशी, स्पाइक, म्हणजे दांड्याचं खालचं टोक, तळव्याने झाकलेला. दांडा छातीवर तिरका. ॲड्झ मान आणि खांदा यांच्यामधल्या खळगीत. पडलात की ॲक्सचं डोकं धरलेल्या हाताच्या बाजूने पोटावर वळायचं. स्पाइकच्या बाजूने वळलात तर स्पाइक आधी रुततो आणि ॲक्स हातातून हिसकली जाते. मग छातीचा सगळा भार पिकवर, तोंड ॲड्झपासून दुसरीकडे, गुडघे फाकवून टेकलेले. नुसते बूट असतील तर बुटांची टोकं रोवायची. क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लांब लोखंडी दात) असतील तर पावलं उचलून धरायची, नाहीतर दात अडकून माणूस उलटा फेकला जातो आणि घोटा मोडतो. मायक्रोस्पाइकवरही पाय उचलायचीच सवय लावा.

नवख्यांकडून नेमकं काय चुकतं? हात लांब होतात. ॲक्स डोक्याच्या वर जाते, छातीचा भार पिकवर येत नाही, पिक बर्फावर फक्त रेघ ओढत जाते. म्हणून एकच गोष्ट घोकायची: ॲक्स छातीशी.

पाठीवर पडलात किंवा डोकं खाली करून पडलात तर पिक एका बाजूला रुतवायची, तिच्याभोवती शरीर फिरून पाय खाली येतात, मग नेहमीची स्थिती. हे बर्फावर कुणी डोळ्यांसमोर करून घेतल्याशिवाय करू नका.

मर्यादाही लिहितो. उतार ४०-४५ अंशांच्या पुढे गेला किंवा बर्फाची काच झाली की अरेस्टचा भरवसा धरायचा नाही. तिथे दोर हवा. तुमच्या घळीत दोर लावणार का, हे ट्रेक नेणाऱ्यांना आत्ताच विचारा. आणखी दोन गोष्टी विचारा: आदल्या दिवशी बर्फावर सराव करून घेणार का, आणि किती वाजेपर्यंत खिंड गाठली नाही तर परत फिरवणार. ज्याच्याकडे या तिन्हीची सरळ उत्तरं नाहीत त्याच्या यादीतल्या 'ऐच्छिक'ला मी अर्थ देणार नाही.

डॉ सातपूर

वैद्यकीय बाजू थोडक्यात. ॲक्सने होणारी इजा खरी असते. मांडीत स्पाइक घुसणं, पिक हनुवटीला लागणं, घसरताना मनगटाच्या पट्ट्याला अडकलेली ॲक्स चेहऱ्यावर आपटणं. चालत नसाल तेव्हा पिक आणि स्पाइकवर रबरी टोप्या हव्यातच. बस, तंबू, स्वयंपाकाचा तंबू, कुठेही उघडी ॲक्स नको.

हातमोजे घातल्याशिवाय कडक बर्फाच्या उतारावर जायचं नाही, ऊन कितीही असो. घसरताना उघडे तळवे बर्फावर आले की कातडी सोलवटते आणि माणूस आपोआप हात उचलतो, म्हणजे ॲक्स सुटते. पावसाळी जॅकेटच्या बाह्या खाली, मनगट झाकलेलं. आणि साडेचार हजार मीटरच्या वर, पहाटे, अर्धपोटी, प्रतिक्रिया मंदावते. त्यामुळे जे हातात बसलेलं नाही ते तिथे ऐनवेळी आठवणार नाही.

पंचवटीकर

माझ्या मामांची लाकडी दांड्याची जुनी ॲक्स घरात आहे. ते ऐंशीच्या दशकात मनालीला कोर्सला गेले होते. दरवर्षी पावसाळ्याआधी दांड्याला जवसाचं तेल चोळायचे, त्यामुळे लाकूड अजून काळंभोर आणि गुळगुळीत आहे. जवळजवळ माझ्या कमरेपर्यंत येते. एप्रिल १९५३ मध्ये खुंबूच्या हिमप्रपातात हिलरी भेगेत कोसळले तेव्हा तेनझिंग यांनी ॲक्स बर्फात ठोकून तिच्याभोवती दोर आवळला आणि त्यांना धरलं, ही गोष्ट मामा आम्हा भाच्यांना ती ॲक्स हातात घेऊन सांगायचे. ती नेली तर चालेल का? मी यांच्या सहा जणांपैकीच एक आहे.

डोंगरयात्री

नेऊ नका, भिंतीवर मानाने लावा. डोक्याजवळच्या धातूच्या पट्ट्यांखाली आणि दांड्याच्या लांबीने बारीक तडा आहे का बघा. लाकूड आतून गेलेलं वरून कळत नाही आणि भार आला की एकदम तुटतं. शिवाय एवढी लांब ॲक्स तीव्र चढावर अडचण करते, अरेस्टच्या वेळी छातीवर नीट बसत नाही.

तेनझिंगांचा प्रसंग दोराला बांधलेल्या दोघांचा आहे. ट्रेकमध्ये तुम्ही दोराला नसता, म्हणून आपली ॲक्स आपल्यालाच वापरता यायला हवी.

लांबीचं विचारणार आहात, म्हणून आधीच लिहितो: सरळ उभं राहून ॲक्सचं डोकं हातात धरून हात सैल सोडला की स्पाइक घोट्याच्या आसपास यावा. बहुतेकांना ६० ते ७० सेंटीमीटर. मधे शंका आली तर आखूड घ्या. दांड्यावर छोट्या वर्तुळात बी किंवा टी, नव्यांवर १ किंवा २ असा शिक्का असतो. बी म्हणजे साधी, टी म्हणजे जास्त ताकदीची. तुम्हाला बी पुरते. पेट्झल, ब्लॅक डायमंड, सिमाँड यांपैकी कुठलीही सरळ दांड्याची घ्या, पण शिक्का नसलेली स्वस्तातली नको. दिसायला सारखीच असते.

भाड्याची घेताना डोकं हलतंय का, पिकचं टोक बोथट होऊन गोल झालंय का, पट्ट्याची शिवण उसवलीय का, एवढं समोर बघून घ्या. एकदा मला दिलेल्या भाड्याच्या ॲक्सचं डोकं बोटाने डुलत होतं आणि देणारा म्हणत होता, ट्रेकला काय लागतंय. परत केली.

गंगापूररोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. नाशकातल्या तयारीचं राहिलं. ॲक्सचा मनगटाचा पट्टा लावावा की नाही यावरही वेगवेगळं वाचलंय.

डोंगरयात्री

पट्ट्यावर जाणत्यांचीही दोन मतं आहेत. नागमोडी चढताना दर वळणावर हात बदलावा लागतो, मनगटाचा पट्टा दरवेळी काढा-घाला करताना लोक कंटाळतात आणि चुकीच्या हातात ॲक्स ठेवून चालतात. उलट ॲक्स सुटून खाली गेली तर पुढचा सगळा उतार तिच्याशिवाय. तुमच्या घळीत सरळ वर चढायचंय, तिथे पट्टा लावा. आडव्या वाटेवर काढा.

नाशकात बर्फ नाही, पण तीन गोष्टी होतात. घरी गादीवर, टोप्या लावलेली ॲक्स घेऊन, रोज पाच मिनिटं: पाठीवर पडा, ॲक्सच्या डोक्याच्या बाजूने वळा, ॲक्स छातीशी. कुणीतरी टाळी वाजवली की वळायचं, म्हणजे विचार न करता व्हायला लागतं. डावा आणि उजवा दोन्ही हात. खडकाळ उतारावर हा प्रयोग कुणी करू नका.

दुसरं, रामशेजला किंवा पांडवलेणीला सॅक घेऊन चढताना चढाच्या बाजूच्या हातात काठी ठेवायची आणि प्रत्येक वळणावर हात बदलायचा. ॲक्स, पाऊल, पाऊल असा ताल बसू दे.

तिसरं, बूट. टाच मारून उतरणं हे बर्फावरचं निम्मं कौशल्य आहे. आपण घसाऱ्यावर पाय अलगद ठेवून उतरतो. बर्फावर उलट, गुडघा किंचित वाकवून टाच जोरात रुतवायची, वजन पायांवर. मागे रेललात की बूट निसटतो. यासाठी घोट्याच्या वरचे, टणक तळव्याचे बूट हवेत, धावायचे नकोत.

आणि खरा सराव वरच, सपाट होत जाणाऱ्या छोट्या उतारावर, वाटाड्याच्या नजरेखाली. अर्धा तास पुरतो. ट्रेक नेणाऱ्यांकडून हा अर्धा तास मागून घ्या.

तर माझं मत: सहाही जणांनी घ्या. अरेस्ट पूर्ण बसलं नाही तरी दांडा रोवत चालणं एका सकाळीत येतं आणि त्या घळीत तेच जास्त उपयोगी.

त्र्यंबकवासी

मुलगा डिसेंबरमध्ये केदारकंठा शिखराचा ट्रेक करणार आहे कॉलेजच्या मित्रांबरोबर. त्यालाही घेऊन देऊ का? आणि हिमस्खलनात याचा उपयोग होतो का? २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये द्रौपदी का दांडा शिखरावर शिकाऊ मुलांची जी दुर्घटना झाली, तेव्हापासून मनात भीती आहे.

डोंगरयात्री

काकू, तुमची भीती रास्त आहे आणि उत्तर स्पष्टच देतो. हिमस्खलनात ॲक्स काहीही करत नाही. द्रौपदी का दांडावर गेलेले आमच्याच संस्थेचे होते, प्रशिक्षकांसह. हातात ॲक्स असलेली, ती वापरता येणारी माणसं होती ती. नव्या बर्फाचा थर बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून सुटतो, आणि मोठ्या हिमवृष्टीनंतरचा एखादा दिवस सर्वांत वाईट. त्यावर उपाय एकच, अशा वेळी अशा उताराखाली नसणं.

केदारकंठा साधारण ३,८०० मीटर आहे, वाट बहुतेक जंगलातून आणि गवताळ माळांवरून. शेवटचा चढ पहाटेच्या कडक बर्फावर असतो, तिथे मायक्रोस्पाइक, गेटर आणि पोल पुरतात. ॲक्स त्याला नको. मुलाला एवढंच सांगा की उतरताना सगळे बसून घसरायला लागतील, तेव्हा मायक्रोस्पाइक काढल्याशिवाय बसायचं नाही आणि खाली कुठे थांबणार ते दिसत नसेल तर बसायचंच नाही. हे सिडकोवाल्यांनी सार पासलाही पाहिलं असेल.

सिडकोवाला

हो, तिथे घसरगुंडी असतेच. आम्हाला खाली सपाटी दिसत होती आणि पहिला वाटाडा आधी जाऊन उभा राहिला होता. आता तुमचं वाचून कळतंय की तो तिथे का उभा होता. मित्रांनो, मी आधी पोल पुरे म्हटलं होतं ते सार पासपुरतं धरा. रूपिनच्या घळीला माझंही मत ॲक्सच्या बाजूने.

पंचवटीकर

मामांची भिंतीवर राहील. नवी ६५ ची बघतो. शेवटचा प्रश्न, प्रवासाचा. आमच्यातले चौघे नाशिकरोडहून मंगला एक्सप्रेसने दिल्लीच्या निजामुद्दीनला जाणार आणि दोघे दिल्लीपर्यंत विमानाने. ॲक्स कशी न्यायची?

अंजनेरीचा वारा

विमानात केबिन बॅगेत अजिबात चालत नाही, सुरक्षा तपासणीत काढून घेतील. चेक-इन सॅकच्या आत, टोप्या लावून, टोकांभोवती जुनी चादर गुंडाळून ठेवा. बाहेर लटकवू नका. पोल आणि मायक्रोस्पाइकही त्याच सॅकमध्ये. सोपं म्हणजे सहाही ॲक्स रेल्वेने जाणाऱ्यांकडे द्या, एकत्र बांधून बर्थखाली आडव्या ठेवा, डोकी भिंतीकडे करून. धौल्यापर्यंतच्या जीपमध्ये सामान टपावर जातं, तिथे मात्र सॅकच्या आतच असू द्या. खड्ड्यांत टोप्या निघून पडतात.